अलाइनमेंट आणि सूत

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घराचे चिऱ्यांचे कुंपण पावसाळ्याआधी पुन्हा बांधून घेताना गवंड्याने दोन खुंट्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणली, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली आणि तो म्हणाला, "हा चिरा दोन सुतं बाहेर आहे." इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, म्हणजे चूक पाव इंचाची होती. त्याच आठवड्यात गॅरेजवाल्याने गाडीच्या पुढच्या टायरची आतून झिजलेली कड बोटाने दाखवत "अलाइनमेंट गेली आहे" असे सांगितले. दोघेही एकाच दोषाविषयी बोलत होते.

अलाइनमेंट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला; त्याच्या पोटात 'लीन्य' म्हणजे रेषा आहे आणि तिच्यामागे लॅटिन 'लिनेआ' आहे. लिनेआचा मूळ अर्थ मात्र रेषा नसून जवसाच्या तंतूंचा, म्हणजे लिननचा, दोरा असा होतो. (इंग्रजी स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा 'जी' हीही फ्रेंचचीच देणगी.) ताणलेल्या धाग्याला लावून वस्तू सरळ बसवणे, हा आमच्या गवंड्याचा सगळा व्यवहार त्या शब्दात आधीपासूनच होता. चाकांची अलाइनमेंटही संगणकी यंत्रे येण्यापूर्वी अनेकदा गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणूनच तपासली जात असे.

गोव्यात हा शब्द घरोघरी पोचला तो कोकण रेल्वेमुळे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाल्यानंतर दाट वस्तीतून आणि खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या) शेतांतून जाणाऱ्या मार्गाला तीव्र विरोध झाला, आणि रूळ पूर्वेकडच्या अंतर्भागातून न्यावेत ही मागणी 'रिअलाइनमेंट' या नावानेच ओळखली जाऊ लागली. १९९३ मध्ये काम काही काळ थांबले, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला आणि शेवटी, किरकोळ बदल वगळता, मार्ग ठरलेल्या बाजूनेच गेला. सरकारी मराठीत याला 'संरेखन' म्हणतात, पण ते कोणाच्या तोंडी ऐकल्याचे मला आठवत नाही. 'आखणी' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो, मात्र आखणी काम सुरू होण्यापूर्वीच संपते, तर अलाइनमेंट रूळ पडल्यानंतरही राहते आणि बिघडूही शकते.

राजकारणात नॉन-अलाइनमेंटला आपण 'अलिप्ततावाद' म्हणतो आणि तिथे धागा पुरता तुटतो. मूळ शब्दाला कोणाच्याही रांगेत उभे न राहणे एवढेच अभिप्रेत आहे. अंग काढून घेणे नव्हे. सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली आणि त्याच डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात, नाटोच्या संस्थापक सदस्यांपैकी एक असलेल्या पोर्तुगालविरुद्ध, उतरले. अलिप्त या विशेषणात ते सैन्य बसवणे मला अवघड जाते.

खरे तर 'सूत जुळणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे तयार आहे. म्हणून कार्यालयातल्या एका इंग्रजी परिपत्रकातील "सर्व विभागांची अलाइनमेंट आवश्यक" या वाक्यासाठी मी उत्साहाने "सर्व विभागांचे सूत जुळावे" असे लिहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते वाचून "मुहूर्त कधीचा?" असे विचारले, तेव्हा मी ते खोडून निमूटपणे "समन्वय" लिहिले.