एआय सर्व्हरचे कारखाने हलत आहेत, बेळगावच्या उद्यमबागेने कुठे पाहावे?

अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला प्रगत एआय चिप विकण्यावर निर्बंध घातले आणि पुढच्याच वर्षी ते आणखी आवळले. एप्रिल २०२५ मध्ये तैवानवर ३२ आणि व्हिएतनामवर ४६ टक्के आयातशुल्क जाहीर झाले. चिप आणि सर्व्हर, म्हणजे एआय चालवणारे मोठे संगणक, यांना त्यातून लगोलग सूट मिळाली, तरी उत्पादकांची धास्ती गेली नाही. फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने मेक्सिकोतील ग्वादलाहारा येथे एआय सर्व्हरच्या मोठ्या कारखान्याची घोषणा त्याआधीच केली होती. एआय चिपसाठी प्रसिद्ध असलेल्या एनव्हीडियाने अमेरिकेत ह्यूस्टन आणि डॅलस येथे जुळणी करण्याचे ठरवले.

या बातम्या वाचून बेळगावात बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, की आपल्याकडे चिपचा कारखाना कधी येणार. मला हा प्रश्नच चुकीच्या जागी नेणारा वाटतो. चिप सहजासहजी हलत नाही. अमेरिकेत ॲरिझोनात वेफर (ज्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती) तयार होऊ लागले, तरी त्यावरील चिप मेमरीशेजारी बसवण्याचे प्रगत पॅकेजिंग अजून मुख्यतः तैवानमध्येच एकवटलेले आहे. गुजरातेत धोलेरा येथे उभा राहणारा टाटांचा प्रकल्पही २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्राचा आहे. एआयच्या चिप त्याहून कितीतरी सूक्ष्म असतात.

हलते आहे ती चिपभोवतीची यंत्रसामग्री, आणि तिच्यात आपल्या ओळखीचे काम भरपूर आहे. एनव्हीडियाच्या एका रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, ७२ जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) असतात, तो सुमारे १२० किलोवॉट वीज घेतो आणि एवढी उष्णता पंख्यांच्या वाऱ्याने निघत नाही. म्हणून चिपवर तांब्याची कोल्ड प्लेट बसवून तिच्यातून द्रव फिरवतात. मॅनिफोल्ड (द्रव अनेक वाटांत वाटून देणारा भाग), कपलिंग, नळ्या आणि चौकट हे सगळे त्याबरोबर आलेच. उद्यमबाग आणि मच्छे या बेळगावच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने हायड्रॉलिक ब्लॉक (दाबाखालचे तेल वाहण्यासाठी आत छिद्रे पाडलेले धातूचे ठोकळे), व्हॉल्व्ह आणि कास्टिंग वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीत तर विमानांचे सुटे भाग बनतात. दाबाखालचा द्रव गळू न देणे हे इथल्या फिटरच्या हाडीमाशी खिळलेले कौशल्य आहे.

तरीही फरक आहे, आणि तो झाकून चालणार नाही. ब्लॉकमध्ये दोन आडवी-उभी छिद्रे जिथे मिळतात तिथे आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कीस, राहते. आपल्याकडे ती हाताने काढतात, हवेचा झोत मारतात आणि नग पुढे जातो. हायड्रॉलिकमध्ये पुढे फिल्टर असल्याने एखादी राहिलेली कीस बहुधा निभावून जाते. कोल्ड प्लेटच्या आतल्या वाटा मात्र केसाइतक्या बारीक असू शकतात. तीच कीस तिथे अडकली तर प्रवाह कमी होऊन लाखो रुपयांची चिप तापते. शिवाय तांब्याच्या त्याच मार्गात उघडे ॲल्युमिनियम आले, तर गंज सुरू होतो. त्यामुळे धुण्याची पद्धत, स्वच्छ जुळणी, हेलियमने गळती तपासणे आणि प्रत्येक नगाची नोंद ठेवणे यांवाचून मोठा ग्राहक नमुनासुद्धा मागवणार नाही.

कारखाने जिकडे हलत आहेत त्या नव्या देशांच्या यादीत भारताचे नाव आले म्हणजे काम आपसूक मिळेल, असेही समजू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा शुल्काचा वारा किती झपाट्याने फिरतो हे निर्यात करणाऱ्या प्रत्येकाला समजले. एकाच देशाच्या मागणीवर यंत्रे विकत घेणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

माझी मागणी नेमकी आहे. हेलियम गळती-चाचणीचे यंत्र आणि स्वच्छ धुलाईची सोय एकट्या जॉबवर्कवाल्याला परवडणारी नाही, म्हणून वसाहतीतील उद्योजकांनी ती सामाईक उभारावी, आणि ती चालवण्याचे काम इथल्या आयटीआय व पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून नोकरीसाठी पुण्याची वाट धरणाऱ्या मुलांना शिकवावे. पहिला नमुना म्हणून संपूर्ण कोल्ड प्लेट न घेता मॅनिफोल्ड घ्यावा, कारण त्याचे ड्रॉइंग आपले लोक आजही वाचू शकतात.