सीपीआर शिकवताना हात कुठे चुकतात

सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. छाती दाबायला लोक लवकर शिकतात. ती पूर्ण वर येऊ द्यायला मात्र विसरतात. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. पण दोन दाबांच्या मध्ये तळहाताचा भार छातीवर टेकलेला राहिला तर हृदय नीट भरत नाही आणि पुढच्या दाबाला ढकलायला रक्तच कमी उरतं. कोपरं वाकली की दंड दमतात. खांदे थेट हातांच्या वर हवेत, जोर कमरेतून. तरीही दोनेक मिनिटांत दाबाची खोली घटते आणि करणाऱ्याला ते कळतही नाही, म्हणून दाब देणारा माणूस बदला. आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगते: बेशुद्ध माणूस मधूनच आचके देत असेल तर तो श्वास नव्हे. कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा आणि लगेच दाब सुरू करा.