लेकाचा पदवीदान समारंभ: दापोलीला जाणाऱ्या पालकांसाठी

आमचा मुलगा बी.एस्सी. कृषी झाला. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात त्याचा पदवीदान समारंभ होता. कुडाळहून हे, मी, धाकटी आणि सासूबाई असे सगळेच गेलो. ज्यांची मुलं यापुढे तिथून पदवी घेणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळ्यात आधी एक सांगते, समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा आणि ती संध्याकाळ मुलासाठी मोकळी ठेवा.

दापोलीला रेल्वे नाही, खेडला उतरायचं. आम्ही मांडवी एक्सप्रेसने गेलो. दिवसाची गाडी, खायला गरमागरम मिळतं, म्हाताऱ्या माणसांना सोयीची. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा तिकीट काढताना तारीख नीट बघा. खेडहून दापोली साधारण 30 किलोमीटर. एसटी आहे, पण त्यासाठी आधी खेडच्या स्टँडवर जावं लागतं. सामान आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर स्टेशनवरूनच गाडी करा. रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं. कराड-पाटणकडून येणाऱ्यांना कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे येता येतं.

राहायचं दापोली गावातच. मुरूड-कर्द्याला समुद्रकाठी खोल्या छान असतात, पण सकाळी नटूनथटून वेळेत पोहोचायचं म्हणजे धावपळ होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते. समारंभाची तारीख कळली की लगेच खोली सांगून ठेवा.

आता त्या संध्याकाळबद्दल. मुलाने आम्हाला रोपवाटिकेत आणि कलमांच्या बागेत फिरवलं. हे विद्यापीठ 1972 सालचं. आपल्या बागांमधली किती झाडं इथून निघाली आहेत ते तिथे कळतं. रत्ना आंबा इथलाच, नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला. हापूसला साका धरतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो, रत्नाला तो धरत नाही. आमच्या घरी दर मोसमात पेटी उघडताना साक्याची धाकधूक असते, त्यामुळे हे कितीतरी वेळ त्या झाडाखालून हलेनात. मग मुलाने काजूच्या रोपावर कलम बांधून दाखवलं. कोवळा शेंडा छाटला, देठाला मधोमध चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली, ती चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. एकदाही हात थबकला नाही. घरी साधं लिंबू चिरतानाही बोट कापून घेणारा हा मुलगा! सासूबाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन बघितले. मंचावरच्या सोहळ्यापेक्षा माझ्या मनात हेच जास्त राहिलंय. म्हणून म्हणते, तेवढ्यासाठी आधी जा. मात्र बागेत परवानगी लागते, ती मुलाला आपल्या सरांकडे आधीच मागायला सांगा.

समारंभाला घरटी किती पास मिळतात ते मुलाकडून आधीच विचारून घ्या आणि वेळेच्या बरंच आधी जाऊन बसा. पाहुणे येण्याआधी दारं बंद होतात. आचार्य पदवीवाले आणि सुवर्णपदकवाले एकेक करून मंचावर जातात. बी.एस्सी.ची मुलं आपापल्या जागी एकदम उभी राहतात आणि सगळ्यांना मिळून पदवी बहाल होते. आपलं नाव पुकारलं जाईल म्हणून वाट बघत राहू नका, मुलगा कुठल्या रांगेत बसणार ते विचारून ठेवा. सासूबाई सारख्या विचारत होत्या, ‘‘माझो नातू खंय बसलो हा?’’ रांग माहीत होती म्हणून तो उभा राहिलेला त्यांना दिसला, आणि त्यांनी बसल्या जागेवरूनच बोटं मोडून दृष्ट काढली. भाषणं लांबतात. मधुमेह असणाऱ्यांनी जवळ काहीतरी खायला ठेवावं.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच नाव वाचा, मराठीतलं आणि इंग्रजीतलंही. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि हे, तिन्हीकडे सारखं हवं. चूक असेल तर त्याच दिवशी अर्ज देऊन या. लॅमिनेशन करू नका, पुढे परदेशी शिक्षणासाठी शिक्के मारून घ्यायचे झाले तर अडचण येते. हॉस्टेलचं डिपॉझिट राहिलं असेल तर तेही मागून घ्या.

संध्याकाळी हर्णैला जा, 15-16 किलोमीटरवर आहे. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. खाडीपलीकडे आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, गाडी देवळाजवळपर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंचंही दर्शन झालं. लिलावात ढीग मोठे असतात, घरापुरती मासळी बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या. रेल्वेने परतणार असाल तर ओली मासळी नको, सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी घ्या.