बावन्न किलो

केमोच्या तीन सायकल, म्हणजे औषधाच्या तीन फेऱ्या, आणि तिन्ही वेळा वजन 52 किलो. स्क्रीनवर तसं दिसत होतं खरं, पण समोर खुर्चीत बसलेल्या मावशींच्या ब्लाऊजच्या बाह्या दंडावर ढगळ लोंबत होत्या.

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या केमो डे-केअरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आठवड्यात तिथं गेलो होतो ते वेगळ्याच कामासाठी. 'मुदत उलटलेले पेशंट' ही आमची यादी लालेलाल झाली होती आणि प्रोग्रामनं एकेकावर 'उपचार सोडले' असा शिक्का मारायला सुरुवात केली होती. खरं तर याचं कारण मला घरबसल्या कळायला हवं होतं, मी याच गावचा. यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडल्याशिवाय निम्मं सोलापूर दवाखान्याकडं बघत नाही. माणसं कुठं पळाली नव्हती, चार दिवसांनी येणारच होती.

घोळ माझ्या रचनेत होता. औषध दर 21 दिवसांनी द्यायचं असेल तर मी पहिल्याच दिवशी सगळ्या सायकलींच्या तारखा मांडून मोकळा व्हायचो: पहिला दिवस, बाविसावा, त्रेचाळिसावा. जणू लग्नपत्रिकाच छापतोय. इकडं रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 1500च्या खाली किंवा प्लेटलेट लाखाच्या खाली दिसले की डॉक्टर बहुतेक वेळा आठवडाभर थांबतात आणि पुढचे 21 दिवस मोजतात ते औषध खरोखर चढलं त्या दिवसापासून. माझ्या पत्रिकेत थांबायला जागाच नव्हती. मग सिस्टर काय करायच्या, तर ठरलेल्या तारखेलाच औषध दिलं असं भरायच्या आणि खरी तारीख लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये लिहायच्या.

ते रजिस्टर त्यांनी मला जरा नाखुशीनंच दाखवलं. त्यात मावशींचं पान होतं. वजन 52, मग 49, आणि आजची जागा कोरी.

"सिस्टर, इथं 49 आहे आणि कॉम्प्युटरवर 52 कसं?"

"सर, सकाळी साडेआठला औषधाची ऑर्डर खाली फार्मसीला जायला पायजे. पेशंट येतो दहाला, काटा तिकडं ओपीडीत. तुमचा कॉम्प्युटर वजन भरल्याशिवाय पुढं सरकतच नाही की ओ. मग मागचंच टाकतो आमी."

वजनाची चौकट सक्तीची करताना मला फार शहाणपण केल्यासारखं वाटलं होतं. बैठकीत त्याचं कौतुकही झालं होतं.

मावशींना काट्यावर उभं केलं. 45. त्यांची उंची 152 सेंटीमीटर. केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. उंची गुणिले वजन, भागिले 3600, त्याचं वर्गमूळ. 52 किलोला ते 1.48 चौरस मीटर येतं, 45 किलोला 1.38. मावशींचं औषध पॅक्लिटॅक्सेल, ते चौरस मीटरला 175 मिलिग्रॅम धरलं तर 259च्या जागी 241. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता म्हणून औषध अजून मिसळलं नव्हतं, एवढंच नशीब.

डॉक्टरांनी डोस बदलला, पण ते चिडले त्या 18 मिलिग्रॅमवर नाही. दीड महिन्यात सात किलो उतरले आणि स्क्रीनवरचा आलेख सरळ रेघ दाखवत होता, याचा त्यांना राग आला. मावशी तेलुगू मिसळलेल्या मराठीत सांगत होत्या, घास तोंडात फिरतो, गिळवत नाही. विड्या वळायला बसल्या तर हजार पुऱ्या होत नाहीत, म्हणून दुपारचं जेवणच टाळतात. हे सांगताना त्यांची बोटं मांडीवर पान वळल्यासारखी हलत होती. त्या दिवशी त्यांना आहारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि उलटीच्या गोळ्या बदलून दिल्या.

पुढचे दोन महिने मी सक्ती काढत बसलो होतो. आता वजन 'अंदाजे' म्हणून भरता येतं. ऑर्डर कच्ची म्हणून फार्मसीला जाते, तयारी सुरू होते, पण काट्यावरचं वजन आल्याशिवाय औषध मिसळायची परवानगी उघडत नाही. वजनात दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर प्रोग्राम डोस नव्यानं काढून डॉक्टरांची सही मागतो. काटाही डे-केअरच्या दारात आणून ठेवलाय. त्याला कोडची एक ओळही लागली नाही, हे कबूल केलेलं बरं. औषधांचं वेळापत्रक मी प्रोग्राममधून काढून तक्त्यात ठेवलं. आठव्या दिवसाचं औषध नवव्या किंवा दहाव्याला चालतं का, हे डॉक्टर तिथंच बदलतात, मला फोन करावा लागत नाही.

काही ठिकाणी मात्र मी उलट घट्ट केलं. व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेतूनच जातं, मणक्यात गेलं तर माणूस हाती लागत नाही. तिथं 'तरीही पुढे चला' हे बटण ठेवलेलंच नाही. डॉक्सोरुबिसिन या दुसऱ्या औषधाची आयुष्यभराची बेरीज चौरस मीटरला 450 मिलिग्रॅमजवळ आली की हृदयाचा प्रश्न येतो, म्हणून आधीच्या दवाखान्यातला डोस विचारल्याशिवाय पहिली ऑर्डरच निघत नाही. सिस्टर त्यावर कुरकुरतात. कुरकुरू देत.

उशिराचं कारण निवडायला आमच्याकडं आठ पर्याय होते: ताप, रक्त कमी, पैसे, असे. त्यांच्याखाली मी एक मोकळी ओळ दिली. पुढच्या जानेवारीत तिच्यात सिस्टरांनी पहिली नोंद केली: "गड्डा. सोमवारी येते म्हणाली."

सोमवारी आली. वजन 46, काट्यावरचं.