निरंक

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या चेलाला ताप भरला. प्लेटलेट्स भराभर उतरल्या. खाजगी दवाखान्यानं डिपॉझिटचा आकडा सांगितला तो आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून रात्री साडेदहाला तिला रिक्षात घालून सिव्हिलला आणलं. केसपेपरच्या खिडकीतल्या मुलानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय लिहू?"

"ट्रान्सजेंडर लिही."

"तसं नाहीये इथं. मेल का फिमेल?"

आधारवर मेल होतं. त्यानं मेल टाकलं. मेल वॉर्डच्या सिस्टरनी साडी बघून वरच्या मजल्यावर पाठवलं. फिमेल वॉर्डच्या सिस्टरनी केसपेपर बघून खाली पाठवलं. दोन फेऱ्या झाल्यावर वॉर्डबॉय म्हणाला, "अक्का, आता इथंच राहू दे तिला." इथंच म्हणजे जिन्याखाली, ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरांशेजारी. दोन रात्री ती तिथं स्ट्रेचरवर होती. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बँडेजच्या पट्टीनं बांधलेली होती.

खरं ते सांगते, उपचारात कुणी कसूर केली नाही. डॉक्टर येऊन बघत होते, रक्त वेळेवर तपासलं, ती बरी होऊन घरी आली. कुणी शिवी दिली नाही, कुणी टाळी वाजवून नक्कल केली नाही. त्यामुळेच मला कळेना की तक्रार करायची तर नेमकी कुणाची?

मी एका संस्थेच्या टीआय प्रकल्पात, म्हणजे एचआयव्ही रोखण्यासाठी वस्त्यांवर चालणाऱ्या कामात, आउटरीचचं काम करते. सिव्हिलचा मागचा भाग, म्हणजे आयसीटीसी (एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन) आणि एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या), मला घरासारखा. तिथल्या समुपदेशक मॅडम आम्हाला आमच्या नावानं हाक मारतात. एचआयव्हीपुरतं आमचं अंग सरकारच्या ओळखीचं आहे. दात दुखला, पित्ताशयात खडे झाले, हार्मोन्स घ्यायचेत, की पुढच्या दारानं जावं लागतं आणि तिथं आम्ही नवखे. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

पहिलं काम आम्ही सगळे करतात तेच केलं. तीस-पस्तीस जणी जमवल्या, सिव्हिलच्या गेटवर घोषणा दिल्या, निवेदन दिलं, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो आतल्या पानावर, शेजारी खतांच्या दुकानाची जाहिरात. त्या निवेदनाचं पुढे काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. आवक क्रमांक घ्यायचा असतो हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हतं.

मग जिल्हा शल्यचिकित्सकांची वेळ घेतली. माणूस सज्जन होता. चहा दिला, बिस्किटं दिली. "आमच्याकडे सगळे पेशंट सारखेच," असं तीनदा म्हणाले. मी जिन्याखालचा किस्सा सांगितला तर खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. पण शेवटी म्हणाले, "ताई, स्वतंत्र सोय करायची म्हणजे मला वरून लेखी लागेल. कुठल्या नियमात आहे ते तरी दाखवा."

ते ऐकून मला राग यायला हवा होता. पण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं आम्हाला तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली तो नालसाचा निकाल, १५ एप्रिल २०१४, हे आमच्यात लहान चेलासुद्धा सांगेल. पण रुग्णालयानं काय द्यायचं हे कुठं लिहिलंय? त्या रात्री बसून तृतीयपंथींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. कलम १५ आरोग्याचं आहे. शस्त्रक्रिया, हार्मोन थेरपी, त्याआधी आणि नंतर समुपदेशन, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात बदल, विमा, असं सगळं सरकारवर टाकलेलं आहे. आणि त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत तर स्पष्ट आहे की रुग्णालयांत स्वतंत्र वॉर्ड आणि स्वच्छतागृहं दोन वर्षांत उभी करायची. नियम सप्टेंबर २०२० चे. म्हणजे माझी चेला जिन्याखाली झोपली तेव्हा मुदत संपून वर्ष होत आलं होतं.

समाजकल्याण कार्यालयातल्या एका बाबूंनी वाट दाखवली. ते म्हणाले, मोर्चे काढू नका, लोकशाही दिनाला या. महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी स्वतः बसतात, सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर असतात. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत. मी संस्थेच्या लेटरहेडवर झकास अर्ज टाईप करून नेला. खिडकीतून परत. का? तर तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. संघटनेची, समाजाची मागणी तिथं चालत नाही.

तेव्हा फार चिडले होते. आता वाटतं, आमचं नशीबच तिथं फिरलं. समाजाची मागणी म्हटलं की सगळ्यांचं मिळून एक गुळगुळीत वाक्य होतं, "आरोग्यसुविधा मिळाव्यात" वगैरे. वैयक्तिक म्हटल्यावर प्रत्येकीला आपलं आपलं लिहावं लागलं.

सात अर्ज झाले. संस्थेच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून दोन दुपारी लिहिले. दोघींना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, खाली अंगठा. एकीनं लिहिलं की मूळव्याधीसाठी गेले तर तपासायच्या आधी चार शिकाऊ डॉक्टर बोलावून दाखवलं. चेलानं जिन्याचं लिहिलं. एक पन्नाशीची जोगती, तिनं मला लिहायला लावलं की मला काही त्रास नाही, मी सिव्हिलला जातच नाही, गेल्या अकरा वर्षांत गेले नाही. मी म्हटलं, मावशी, ही तक्रार कशी होईल? ती म्हणाली, "तू लिही गं. साहेबाला कळंल."

एकीनं हार्मोनचं लिहिलं. आमच्यातल्या कितीतरी जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणतात आणि दिवसाला तीन-चार खातात. त्यात इस्ट्रोजेन असतं हे खरं, पण त्या प्रमाणात घेतलं तर रक्तात गुठळी व्हायचा धोका असतो आणि वर सिगारेट-तंबाखू असेल तर विचारूच नका. डॉक्टर लिहून देत नाहीत म्हणून मेडिकलवाला देतो, एवढं साधं आहे ते.

सातवा अर्ज एका मुलाचा, ट्रान्समॅन, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला. बाविशीचा, दाढी बऱ्यापैकी आलेली, आईबरोबर राहतो. त्यानं दोनच ओळी लिहिल्या. "मला स्त्रीरोग विभागात दाखवायचे होते. मी बाकावर बसलो तर सिक्युरिटीने बाहेर काढले." मी विचारलं, अजून काही लिहायचंय का? नाही म्हणाला. कागदाची घडी घालून हातात दिली.

सोमवारी सात जणांना सात टोकन. जिल्हाधिकारी मॅडमनी पहिले तीन वाचले, पुढचे चार एकत्र घेतले. शल्यचिकित्सकांकडे वळल्या. ते म्हणाले, भेदभाव होत नाही. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या, असं त्यांना सांगितलं. खुलासा आला. सातही जणांना एकच मजकूर, नाव तेवढं बदललेलं: "सदर रुग्णालयात सर्व रुग्णांना समान सेवा दिली जाते. आपल्या तक्रारीत तथ्य आढळून येत नाही." जोगती मावशीलासुद्धा तेच.

माहितीचा अधिकार मी आधी टाकायला हवा होता. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे लांबण लावायची सोयच नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलं आणि एकच प्रश्न विचारला: एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या काळात बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण विभागात किती तृतीयपंथी रुग्णांची नोंद झाली? तीस दिवसांच्या आत उत्तर. अर्धं पान कोरं, वर एक ओळ.

"माहिती निरंक."

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वाचला. समुपदेशक मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, म्हणजे शून्य. त्या हसल्या नाहीत. त्यांच्याच खोलीच्या बाहेर आमच्या पाचजणी गोळ्या न्यायला रांगेत बसल्या होत्या.

पुढच्या लोकशाही दिनाला मी भाषण केलं नाही. खुलाशाचा कागद आणि निरंकचा कागद जिल्हाधिकारी मॅडमपुढे शेजारी-शेजारी ठेवला. एका कागदावर सगळ्यांना समान सेवा, दुसऱ्यावर आमच्यातलं कुणी आलंच नाही. मॅडमनी दोन्ही वाचले, चष्मा काढला आणि शल्यचिकित्सकांना म्हणाल्या, "डॉक्टर, सेवा दिली कुणाला मग?"

त्यानंतर मात्र गोष्टी हलल्या. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांनी नियमांची प्रत जोडून पत्र दिलं, त्यामुळे साहेबांना हवं होतं ते "लेखी" मिळालं. सगळ्यात गंमत केसपेपरची. आम्हाला वाटलं सॉफ्टवेअर बदलायला मुंबईला पत्र जाणार, दोन वर्षं जाणार. संगणकवाला आला, त्यानं यादी उघडली आणि खाली सरकवली. मेल, फिमेल, त्याखाली तिसरा पर्याय. होताच. पडद्यावर दोनच दिसायचे आणि तिसऱ्यापर्यंत कुणी कधी उतरलंच नव्हतं. खिडकीतला तो मुलगा एवढा खजील झाला की मलाच कसंतरी वाटलं.

चादरींच्या खोलीत दोन खाटा पडल्या. गुरुवारी दुपारी दोन ते चार ओपीडी सुरू झाली, एक फिजिशियन आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. हार्मोनचे तज्ज्ञ जिल्ह्यात नाहीत. रक्ताच्या तपासण्या फुकट होतात, यकृत, साखर, पोटॅशियम सगळं. औषधं बाहेरून घ्यावी लागतात. स्टाफसाठी तासाभराचं एक सत्र झालं, त्यात मी बोलले. एका सीनियर डॉक्टरांनी विचारलं की हा आजार कितपत बरा होतो. त्यांच्याच मानसोपचारतज्ज्ञांनी उत्तर दिलं की आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत, हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलंय. माझ्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं बरं पडलं.

कार्डाचं अजून भिजत घोंगडं आहे. आयुष्मानमध्ये आमच्यासाठी वर्षाला पाच लाखांचं संरक्षण २०२२ मध्ये जाहीर झालं. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरचं ओळख प्रमाणपत्र लागतं. मी काढलं तेव्हा २०२० च्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्र पुरायचं, अंग तपासायची गरज नव्हती, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण तेव्हाही काहीजणी तपासणीच्या भीतीनं अर्ज करत नव्हत्या. प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. पण शस्त्रक्रियेचं विचारलं की आमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्याचं, उत्तर ठरलेलं: पुण्याला विचारा.

आणि पुण्याचं काय झालं? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि त्या पैशांवर चालणारी हैदराबाद, कल्याण, पुण्याची आमच्यासाठीची मित्र क्लिनिकं बंद पडली. आमच्या ज्या दोघी-तिघी एसटीनं पुण्याला जात होत्या त्या पुढच्या गुरुवारी आमच्याकडे आल्या. चादरींच्या खोलीबाहेर बाक एकच आहे. दुसरा मागितलाय, आवक क्रमांकासह.

जोगती मावशी अजून आलेली नाही. मी दर महिन्याला विचारते, ती दर महिन्याला म्हणते, बघू.

आणि तो मुलगा. गुरुवारच्या ओपीडीत स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे त्याला अजूनही त्याच बाकावर, पोटुशा बायकांच्या रांगेत बसावं लागतं. एकदा मी सोबत गेले. नाव पुकारलं तेव्हा सगळी रांग मान वळवून बघत होती आणि तो मोबाईलमध्ये बघत उठला. मागच्या आठवड्यात त्यानं लोकशाही दिनाचा नवा अर्ज माझ्या हातात दिला, वाचून बघा म्हणाला. या वेळी दोन ओळी नव्हत्या. दोन्ही बाजूंनी भरलेलं पान होतं. मी एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, ती त्यानं दुरुस्त केली नाही.