साहेब खरो, वर्स खोटां

आमच्या रोडबुकात प्रत्येक ठिकाणाला एक पान असतं. चढ कुठे, पाणी कुठे, पंक्चरवाला कुठे, बायकांना जाता येईल असं स्वच्छतागृह कुठे, आणि तळाला चार ओळींची ‘गोष्ट’. पाहुणे चढ विसरतात, गोष्ट विसरत नाहीत. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी मी हे पान भरते. लोकांना सायकलवरून न्यायच्या आधी तो रस्ता स्वतः गाडीने, सायकलने आणि पायी करून बघायचा, एवढंच काम. ऐकणाऱ्याला वाटतं, हिची मजा आहे. मजा असतेही, पण सोबत वही असते.

विजयदुर्गच्या पानावरची गोष्ट मी निघायच्या आधीच भरलेली होती. मालकांनी स्वतः लिहिलेली: १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. त्यावर सहलीचं नावसुद्धा ठरलं होतं, ‘हेलियम राइड’.

आदल्या रात्री देवगडच्या लॉजवर पडल्या पडल्या, पानावर टाकायला ग्रहणाचं एखादं जुनं चित्र मिळतंय का ते फोनवर शोधत होते. चित्र नाही मिळालं. मिळाला तो लॉकियरने लंडनच्या रॉयल सोसायटीला दिलेला अहवाल. मथळ्यातच ‘विझियाद्रुग’ म्हणून आपलं विजयदुर्ग. ग्रहणाची तारीख २२ जानेवारी १८९८. मी उठून बसले. साल वाचायला चुकले असेन म्हणून पुन्हा वाचलं. १८९८च.

सकाळी गाडीच्या कॅरियरवर सायकल बांधून आम्ही पडेल कॅन्टीनपर्यंत आलो. ‘कॅन्टीन’ हे तिठ्याचंच नाव पडलंय. ड्रायव्हर देवगडचा, सायकलीबद्दल त्याचं मत पक्कं. “गाडी असताना माणसान पाय कित्या मोडून घ्यावे?” मी सायकल उतरवली आणि त्याला पुढे गिर्ये गावात थांबायला सांगितलं.

वारा हा या रस्त्याचा खरा मालक. नकाशावर बघाल तर एका अंगाला वाघोटणची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधली जमीन पश्चिमेकडे निमुळती होत जाऊन तिच्या नाकावर किल्ला. ब्रोशरात आम्ही याला ‘पेनिन्सुला’ म्हणतो. मराठी ब्रोशर निघालं तर ‘द्वीपकल्प’ म्हणू, आणि गावातलं कोणी तो शब्द वापरणार नाही. तर हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे किल्ल्याकडे जाताना पाठीवर. दुपारनंतर तो फिरतो आणि समुद्रावरून येतो, म्हणजे परततानाही पाठीवर. उलट वेळेला निघालात तर दोन्ही वेळा तोंडावर. पानात मी पहिली नोंद हीच केली: सातच्या आत सुटा, तीनच्या आधी परत फिरू नका.

चढ संपून सड्यावर आलं की बघण्यासारखं फार नसतं, आणि तेच बघण्यासारखं असतं. काळवंडलेला जांभा, करपलेलं गवत, चिऱ्यांचे गडगे, गडग्याआड हापूसच्या बागा. जानेवारीचा शेवटचा आठवडा, झाडं मोहराने लगडलेली. त्या वासाबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. त्यात मिसळलेल्या फवारणीच्या वासाबद्दल कोणी लिहीत नाही. तुडतुड्यांसाठी बागवाले सकाळीच पंप चालवतात. दोन ठिकाणी तोंडाला ओढणी बांधून जोरात पुढे काढावं लागलं. दुसरी नोंद: मास्क.

गिऱ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. ट्यूब जवळ होती, बदलली. हवा भरायला गेले तर पंपाची नळी फाटलेली. पुण्यात पिशवी भरताना मीच तो पंप दाराच्या फटीत चेंगरला होता, त्यामुळे शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं. सायकल ढकलत वस्तीपर्यंत आले. एका टपरीवर मोटरसायकलींच्या हवेचा कॉम्प्रेसर होता, पण माझ्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह, पेन्सिलीसारखा बारीक; त्याच्या नळीचं तोंड जाड. अडॅप्टर गाडीत आणि गाडी पुढे.

टपरीवाला पोरगा विशीतला. त्याने व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून फिरवून पाहिला, वरची काळी प्लॅस्टिकची टोपी काढली आणि ब्लेडने तिचं टोक कापलं. टोपी उलटी करून परत बसवली, आतली पिटुकली चकती सैल केली आणि वर कॉम्प्रेसरचं तोंड दाबलं. फुस्स. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा चाक टणक. मी दहा वर्षं या धंद्यात आहे आणि ही युक्ती मला माहीत नव्हती. “कुठे शिकलास?” म्हटलं तर म्हणाला, “सायकलवाले येतत ना, सगळे अडॅप्टर इसारतत.” पैसे घेतले दहा. पानात त्याच्या टपरीची नोंद केली. आता माझ्या पिशवीत कापलेल्या चार टोप्या असतात.

गिऱ्याला सायकल गाडीजवळ लावून पायी रामेश्वराकडे उतरले. इथली वाट जांभा फोडून काढलीय, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कातळ. वरच्या उन्हातून त्यात शिरलं की अंगावर एकदम गारवा येतो. वाटेवर संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. खाली देऊळ शांत. पुजारी आणि एक मांजर.

खाडीच्या बाजूला आंग्र्यांची गोदी आहे, तिकडे मात्र मी ठरवल्यापेक्षा जास्त रेंगाळले. कातळात खोदलेला प्रचंड हौद, एक तोंड खाडीकडे. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरडं पडतं, मग खालून तळाची डागडुजी. बाकी यंत्र काही नाही. उचलण्याचं काम समुद्र करणार. मी गेले तेव्हा ओहोटी होती आणि गोदीत चिखल, खेकडे आणि एक फुटकी होडी. आपल्याकडे किल्ला बघायला बसेस येतात, आणि ज्या जागेमुळे त्या किल्ल्याचं आरमार तरंगत राहिलं तिकडे बाणाची साधी पाटी शोधावी लागते. असो.

किल्ल्याशी दुपारी साडेबाराला पोचले. एसटीचा थांबा थेट किल्ल्यासमोर. तिथे आबा ठरल्याप्रमाणे उभे होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, आता पर्यटकांना किल्ला दाखवतात. छत्री, पांढरी टोपी, खिशात दोन पेनं. मला पहिल्या वाक्यापासून ‘बाय’ म्हणाले, तेव्हा मीही ‘आबा’च म्हटलं.

आबा किल्ला दाखवतात ते चांगल्या कंडक्टरसारखं, एकही थांबा चुकत नाही. जिबीचा दरवाजा, वाकडी वाट, एकाआड एक तीन तटबंद्या, खलबतखाना. शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधलेला, गिऱ्यावरून ‘घेरिया’ म्हणवला जाणारा, शिवाजी महाराजांनी घेऊन विजयदुर्ग केलेला. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाली बंदरात जाळलं, ते सांगताना त्यांनी छत्रीने पाण्यात जागा दाखवली, जणू अजून धूर असावा. मग त्याच वर्षी इंग्रजांनी बाणकोट घेऊन हा किल्ला पेशव्यांना दिला, आणि पुढे इथल्या आरमारावर आनंदराव धुळप आले. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा केले, त्यात हा एक. “तेव्हापासून गर्दी वाढली,” आबा म्हणाले, “पन प्रश्न तोच. साहेबाचे ओटे खंय?”

तेही आले. झाडीशेजारी दगडी चौथरे, बघायला काही नाही म्हटलं तरी चालेल. आबा एकाच्या कडेला उभे राहिले, टोपी सरळ केली आणि सुरू झाले: “अठराशे अडुसष्ट सालची अठरा ऑगस्ट. लॉकियर साहेबान हयसर दुर्बीण लावल्यान...”

मी मध्ये बोलायला नको होतं. कामाचा नियम आहे, स्थानिक माणूस सांगत असताना खोडायचं नाही. पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

“आबा, ऑगस्टात इथे आभाळ कसं असतं?”

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. “पाऊस,” म्हणाले. “झडच ती. सूर्य दिसता खंय?” आणि स्वतःशीच हसले. “बाय, माझ्या मनात ह्या तीस वर्षांत कदी इला नाय बघ.”

मग आम्ही ओट्याच्या कडेला बसलो आणि मी फोनमधलं एकेक सांगत गेले. १८६८चं ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज हर्शेल जमखंडीला. लॉकियर मात्र इंग्लंडातच होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून मिळणारा रंगांचा पट्टा, ग्रहणाविना दिवसाढवळ्या कसा पाहावा, याची युक्ती त्याने तिकडे काढली आणि २० ऑक्टोबर १८६८ला ती जमली. त्या वर्णपटातली सोडियमच्या जवळची, पण सोडियमची नसलेली पिवळी रेघ म्हणजेच हेलियमची खूण. तो भारतात आला तो १८७१च्या ग्रहणाला, केरळातल्या बेकलच्या किल्ल्यावर. आणि विजयदुर्गला आला तो त्याहीनंतर, १८९८च्या जानेवारीत. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने १८९५ला तो खनिजातून काढला होता. म्हणजे इथे आला तेव्हा लॉकियर साठी ओलांडलेला, ‘सर’ झालेला म्हातारा होता.

आबा मध्ये बोलले नाहीत. फक्त एकदा विचारलं, “जानेवारीत म्हंजे आत्ता?”

“आत्ताच. २२ तारीख.”

त्यांनी छत्रीच्या टोकाने ओट्यावरची सुकी पानं बाजूला केली. मला वाटलं, दुखावले. दर वर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस होतो. त्या आधी हे ओटे झाडून घेणारे आबाच. कोणीतरी पुण्याहून सायकलवरून यावं आणि फोन दाखवून हे सगळं खाली ओढावं, हे मलाच बरं वाटेना.

“पुढे वाच,” ते म्हणाले. “त्यान केल्यान काय, ता सांग.”

पुढचं तर जास्त मजेशीर होतं. लॉकियरबरोबर शास्त्रज्ञ मूठभर. बाकी मनुष्यबळ ‘मेल्पोमीन’ या लढाऊ जहाजाचं. अधिकाऱ्यांना आणि खलाशांना तालमी देऊन कामाला लावलं. कोणी वर्णपट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांशी, कोणी सूर्याभोवतीचं, डोळ्यांनी दिसणारं प्रभामंडल कागदावर काढायला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे कोणी काय करायचं ते आधी घोकून घेतलेलं. आभाळ निरभ्र मिळालं आणि फोटो उत्तम आले. त्याच दिवशी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला तेच ग्रहण टिपत होते.

“खलाशी,” आबा म्हणाले. “बरोबर. बंदराचो गाव. खलाश्यांशिवाय हयसर काय्येक जाला नाय.” मग बराच वेळ गप्प. खाली जेटीवर कोणीतरी बर्फाची लादी फोडत होतं, तो आवाज वरपर्यंत येत होता.

“म्हंजे कसा बाय,” ते उठत म्हणाले, “साहेब खरो, वर्स खोटां.”

१८६८ इथे कसं चिकटलं असेल, याचा माझा अंदाज साधा आहे. ग्रहण तेही, ग्रहण हेही, माणूस एकच, आणि हेलियम हा शब्द पाटीवर वजनदार दिसतो. दोन मिनिटांच्या ग्रहणासाठी जहाजभर खलाशी चित्रं काढायला बसवले, यात शोधबिध काही नाही. पण सांगायला मला तरी हेच जास्त आवडेल.

जेवण बंदरावर झालं, बांगडा आणि सोलकढी, त्याबद्दल तक्रार नाही. साडेतीनला परत फिरले. वारा ठरल्याप्रमाणे पाठीवर होता आणि सड्यावर पाय न मारता सायकल पळत होती. टपरीवाल्या पोराने लांबूनच हात केला.

रात्री मालकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “अगं, पण राइडचं नाव छापून झालंय. आणि लोक हेलियमसाठीच येतात. शेवटी ‘असे मानले जाते’ टाक की.”

मी ‘असे मानले जाते’ टाकलं नाही. १८९८, मेल्पोमीन आणि खलाशी एवढं चार ओळींत बसवलं, आणि नाव त्यांचं तेच राहू दिलं. भांडायला बळ नव्हतं आणि टी-शर्ट आधीच आले होते. फेब्रुवारीत पहिली तुकडी नेली तेव्हा आबा ओट्याशी उभे राहिले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, “बावीस जानेवारी अठराशे अठ्ठ्याण्णव.” मग माझ्याकडे बघून डोळा बारीक केला आणि पाहुण्यांना विचारलं, “आता सांगा, ऑगस्टात आमच्या कोकणात सूर्य दिसता?”