९३ किलोंची स्कूटर

विलेपार्ले पूर्वेहून पवईला जायचे असेल तर लोकलचा काही उपयोग होत नाही. मुंबईचे रेल्वेमार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण धावतात आणि माझे कार्यालय पूर्वेला, मरोळ आणि साकीनाका ओलांडल्यावर येते. सकाळी रिक्षा मिळते, पण ती पुढे सरकत नाही. बसही मिळते, पण ती केव्हा पोहोचेल हे तिच्या वाहकालाही सांगता येत नाही. त्यामुळे रोजचे जाणे-येणे मी गेली अनेक वर्षे स्कूटरवरूनच करते. २०२१ पर्यंत घरातली ११० सीसीची स्कूटर वापरत होते आणि चालवताना तिचा मला कधीही त्रास झाला नाही. जो काही त्रास व्हायचा तो ती उभी असताना व्हायचा.

आमच्या जुन्या इमारतीचे आवार बांधणाऱ्याने बहुधा दोन मोटारींच्या हिशेबाने सोडले असावे. आज तिथे चार मोटारी आणि सतरा दुचाकी उभ्या असतात. सकाळी आपली गाडी काढायची म्हणजे आधी शेजारच्या दोन गाड्या वितभर सरकवायच्या, मग आपल्या गाडीचे हँडल दुसऱ्याच्या आरशातून सोडवायचे, ती मागे ओढत पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि शेवटी फाटकाकडचा चढ चढवायचा. हे सगळे इंजिन बंद असताना, खांद्याच्या जोरावर चालते. २०२० च्या अखेरीस माझा उजवा खांदा आखडला. हाडांच्या डॉक्टरांनी जड वस्तू उचलू किंवा ओढू नका असे बजावल्यावर मी भाजीच्या पिशव्या सोडल्या, पाण्याची बादली सोडली आणि मग लक्षात आले की दिवसभरात मी ओढत असलेली सर्वांत जड वस्तू स्कूटर हीच आहे.

दुकानांत गेल्यावर विक्रेते मायलेज, डिकीची जागा आणि मोबाइल चार्जिंग याविषयी भरभरून बोलत होते. वजन किती असे विचारल्यावर मात्र प्रत्येकाला माहितीपत्रक उलटावे लागले. होंडा अॅक्टिव्हा ६जीचे पेट्रोल-ऑइलसह वजन १०६ किलोंच्या आसपास आहे, आणि मी शेवटी घेतलेल्या टीव्हीएस स्कूटी पेप प्लसचे ९३ किलो. कागदावर १३ किलोंचा फरक किरकोळ वाटतो. परंतु घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे आपण जवळजवळ एका सिलिंडरचा गॅस गाडीवरून उतरवला, असा हिशेब मी यजमानांना सांगितला आणि तो त्यांना पटला.

वजनाइतकीच महत्त्वाची ठरली ती सीटची उंची. या गाडीची सीट जमिनीपासून ७६८ मिलीमीटरवर आहे आणि माझ्या पाच फूट एक इंच उंचीला दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात. याचा खरा फायदा असा की गाडी मागे घ्यायला खाली उतरावेच लागत नाही. सीटवर बसूनच पायांनी रेटत तिला मागे नेता येते आणि खांद्याचे काम मांड्या करतात. मेन स्टँडवर घेण्याचेही तसेच आहे. पुष्कळ जण गाडी हातांनी वर उचलायला पाहतात, तिथेच कंबर धरते. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करून त्याच्या दांडीवर शरीराचा पूर्ण भार दिला, तर गाडी आपली आपण मागे चढते. हाताने तिला फक्त तोल द्यायचा असतो.

आता चालवण्याविषयी. इंजिन ८७.८ सीसीचे आहे आणि एकटीने जाताना साकीनाक्याच्या गर्दीत याहून अधिक ताकदीचे करायचे तरी काय, असा प्रश्न मला रोज पडतो. मात्र यजमान मागे बसले आणि उड्डाणपूल आला की आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पुढच्या पुलीतले रोलर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बाहेर सरकतात आणि बेल्टला वेगाच्या बाजूला नेतात. चढावर भार आला की मागच्या पुलीची स्प्रिंग त्याच बेल्टला पुन्हा ताकदीच्या बाजूला ढकलते. गाडी कण्हते ती बिघडल्यामुळे नव्हे, तर तिने स्वतःच खालचा गिअर घेतल्यामुळे, हे समजल्यापासून मी पुलावर मूठ पिळत बसत नाही.

हलकेपणाची किंमत वाऱ्यात आणि खड्ड्यात द्यावी लागते. वाशीला मावशीकडे जाताना खाडीपुलावर जुलैचा वारा आडवा लागला की गाडी पट्ट्यातून हातभर बाजूला सरकते, आणि शेजारून बस वेगाने गेली तर आधी बाहेर ढकलली जाऊन मग आत ओढली जाते. तिथे मूठ घट्ट धरण्याऐवजी वेग उतरवणे बरे. दोन्ही चाके १० इंचांची असल्यामुळे मोठे चाक सहज ओलांडेल त्या खड्ड्यात छोटे चाक उतरते. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ च्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि जागोजागी उसवलेले पेव्हर ब्लॉक पावसात ओले असताना मी त्यांच्यावर ब्रेक लावतच नाही. आधीच वेग कमी करून सरळ रेषेत जाते.

मागच्या एका पावसाळ्यात मरोळच्या पुढे पाणी साचले होते. पाणी सायलेन्सरच्या तोंडाशी येईल असे दिसताच मी इंजिन बंद केले, उतरले, पुढचे चाक हाताने पदपथावर चढवले, मग मागे जाऊन सीटखालच्या दांडीला धरून मागचे चाक चढवले आणि दुखऱ्या खांद्यासह ती गाडी सुमारे दोनशे मीटर ढकलत नेली. माझ्या बाजूला एक तरुण त्याच्या भारदस्त स्कूटरला पाण्यातच पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत होता. इंजिनात पाणी शिरले असेल तर असा स्टार्टर मारल्याने नुकसान वाढते, कारण हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही आणि तो दाब कनेक्टिंग रॉडवर येतो. मी हे त्याला सांगितले; त्याने नम्रपणे ऐकून घेतले आणि पुन्हा स्टार्टर मारला. कोरड्यात आल्यावर ड्रम ब्रेक जवळजवळ लागतच नव्हते, म्हणून थोडे अंतर हळू चालवत, ब्रेक हलके दाबून ते सुकवून घेतले.

वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता आणि पूर्व मुक्त मार्ग यांवर दुचाकींना मनाई आहे, ती गाडी हलकी असो वा जड. त्यामुळे दक्षिण मुंबईत जायचे झाले तर मी लोकल पकडते.

हलक्या गाडीचा एक परिणाम मात्र मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळला नाही. ती माझ्याइतकीच इतरांनाही हलकी असते. स्टेशनजवळ लावलेली माझी स्कूटर संध्याकाळी त्याच जागी क्वचितच सापडते. हँडल लॉक केलेले असले तरी मागचे चाक उचलून ती कोणीतरी चार गाड्या पलीकडे ठेवलेली असते. टोइंगच्या गाडीवरची मुले रांगेतून सर्वांत आधी कोणती स्कूटर उचलतात, याचाही मला एकदा दंडाच्या पावतीसह अनुभव आला आहे. आवारातही कोणाची मोटार अडली की पहारेकरी सर्वप्रथम माझ्याच गाडीकडे वळतो. सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग मी स्वतःहून पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांमधली चिंचोळी फट मागून घेतली. तिथून दुसऱ्या कोणाचीही गाडी सरळ बाहेर काढता येत नाही, म्हणून गेली दोन वर्षे ती जागा माझ्याकडे कोणी मागितलेली नाही.